चहावरचा डाव

कचरूच्या आधी त्याच्या आईची दोन लेकरं गेली. तिसरा झाला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, आईनं तिथून परत उचलून आणला आणि नाव कचरू पडलं. टाकून दिलेल्या वस्तूवर यमाचा डोळा जात नाही, असा हिशेब. हिशेब बराबर निघाला. कचरू जगला, वाढला आणि बापाच्या मागं जुन्या जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापारी झाला.

मापाऱ्याचं काम बघायला सोपं. ज्वारीची रास समोर घेऊन मांडी घालून बसायचं, पायली भरायची, वरून हात फिरवायचा, पोत्यात ओतायची. पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असा कचरूचा आवाज मोंढ्याच्या पार वेशीपर्यंत जायचा. एका बाजूला कुणबी बसलेला, दुसऱ्या बाजूला अडत्या, आणि दोघांचेही डोळे त्याच्या हातावर. हात दाबला तर कुणबी मेला, सैल सोडला तर अडत्या ओरडला. बोलण्याच्या नादात मधेच आकडा विसरला तर अंदाजानं पुढं रेटायचं नाही, हा मापाऱ्यांचा दंडक. पोतं उलटं करायचं, रास पुन्हा लावायची, पुन्हा लाभपासून सुरू. मेहनत वाया जाते. पण त्यात कुणी मापाऱ्याला हसत नाही.

असा सकाळपासून दोघांच्या नजरेत बांधलेला हात दुपारनंतर मोकळा व्हायचा, तो द्वारकाबाईच्या हॉटेलात.

द्वारकाबाई म्हणजे मोंढ्याच्या कोपऱ्यावरची विधवा बाई. नवऱ्याच्या मागं हॉटेल तिनंच सांभाळलं. पुढं भट्टी, आणि मागं पत्र्याची खोली. त्या खोलीत एक कॅरम बोर्ड. पोलीस अॅक्शननंतर जालना सोडून गेलेल्या कुणा जमादाराचं सामान हर्राशीत, लिलावात, निघालं होतं. बाई पितळी बंब घ्यायला गेल्ती. बंब दुसऱ्यानं नेला, हिच्या गळ्यात बोर्ड पडला. पण त्या बोर्डानं हॉटेलाला बरकत दिली. हमाल, मापारी, दिवाणजी, कापडाच्या दुकानातले गुमास्ते, सगळे मागच्या खोलीत. बोरिक पावडर संपली की बाई तांदळाची पिठी चाळून द्यायची. सोंगट्या सुळसुळ पळायच्या, पण दुसऱ्या दिवशी बोर्डावर मुंग्यांची रांग.

बाईचा कायदा एकच. “हितं हरला त्यानं चहा पाजायचा. बोर्डावर पैसा दिसला तर बोर्ड चुलीत घालीन.”

कचरूचा खेळ बघायला लोक उभे राहायचे. तो जिंकायचा म्हणून नव्हे. निम्मे डाव तो हरायचाच. समोरची सोपी सोंगटी सोडून तो भलत्याच अवघडीला हात घालायचा. तीन कडांना आपटून स्ट्रायकर मागं आला आणि सोंगटी जाळीत पडली की डोळे मिटून म्हणायचा, “लाभ.” नाही पडली तरी हसायचा आणि म्हणायचा, “बाई, दोन कप. माझ्या नावावर.”

“अरे, पुढ्यातली मारायची सोडून कुठं कडा मोजत बसतोस?” कुणी म्हणायचं.

“पुढ्यातली काय, ती मेल्यालीच हाय. तिला मारून काय मजा?”

भुजंगला हे पटायचं नाही. भुजंग अडत्याचा पोरगा. अंगात मलमलचा सदरा, बुडाखाली नवी कोरी सायकल. कशावरही पैज लावायची त्याला सवय. कावळा कुठल्या फांदीवर बसंल, यावरसुद्धा. चैताच्या बाजारादिवशी खोली भरलेली असताना त्यानं कचरूला डिवचलं.

“कचरू, तू खेळत न्हाईस, नाचतोस. चहावर कुणीबी खेळंल. काही लावून खेळ, मंग कळंल हातात पाणी हाय का वारा.”

“मला काय लावायची गरज?”

“आन् लावायला हायच काय तुझ्याकडं? एक पायली, तीबी बापाची.”

लोक हसले. त्यात कचरूचे रोजचे सोबतीही होते, ते त्याला लागलं.

“अंबडच्या कोर्टात जगन्नाथराव म्हणून कारकून हायेत,” भुजंग म्हणाला. “कॅरमात औरंगाबादेला पैला नंबर आणल्ता. त्येंना आणतो. माझ्याकडून ते खेळतील. तू जिंकलास तर ही सायकल तुझी.”

“आन् हरलो तर?”

“तूच सांग की.”

कचरूच्या तोंडून शब्द गेला, “माझी गाय लावतो.”

द्वारकाबाई भट्टीवरून तरातरा आत आली. “माझ्या खोलीत जुगार?”

“पैसा कुठं हाय बाई?” भुजंग हसला. “गाय आन् सायकल. तुमच्या बोर्डावर मावत तरी हायेत का?”

बाईचा कायदा पैशावर होता, गायीवर नव्हता. ती भट्टीकडं परत गेली, आणि नंतर कितीतरी दिवस स्वतःवरच चिडत राहिली.

कपिली गाय म्हणजे कचरूच्या घरचा अर्धा संसार. तिचं दूध चतुराबाई रोज द्वारकाबाईच्या हॉटेलात घालायची. त्यावर घरचं तेलमीठ चालायचं. चतुराबाई ही कचरूची बायको, माहेर आष्टीचं. लग्नात बापानं तिला आंदणात गाय दिली होती, ती वऱ्हाडामागं चालत जालन्याला आली. ती गाय म्हातारी होऊन मेली. कपिली ही तिची कालवड. कचरूनं पैज लावली तेव्हा यातलं काहीच त्याच्या डोक्यात आलं नाही. जी गाय आपल्या दावणीला ती आपली, एवढंच त्याला ठाऊक.

घरी त्यानं सांगितलं नाही. जेवताना भाकरीवर दूध पडलं की ताट बाजूला सारायचा.

“काय झालंय?” चतुराबाई विचारायची.

“ऊन लागलं जणू.”

मोंढ्यात त्याच्या मापाला पहिल्यांदा खोट यायला लागली. दोनदा आकडा विसरला, दोनदा पोती उलटी केली. बोललेला शब्द मागं घ्यावा, असंही मनात येऊन गेलं. पण मापाऱ्याचा धंदाच तोंडाचा. त्यानं ‘दहा’ म्हटलं की दोघांनी दहा मानायचे. गायीचा शब्द फिरवला, तर उद्या त्याच्या दहाला दहा कोण म्हणणार? आणि नाही फिरवला तर बायकोला काय सांगणार?

ठरल्या दिवशी दुपारी अंबडच्या मोटारीनं जगन्नाथराव आले. काळी टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. पिशवीत स्वतःचा स्ट्रायकर, मऊ फडक्यात बांधलेला. माणूस बारीक आवाजाचा. बोर्डावरून तळहात फिरवून म्हणाले, “पिठी तांदळाची दिसते.”

“बोरिक संपलीया,” द्वारकाबाई म्हणाली.

“असू द्या. छान पळेल.”

तीन डाव ठरले. दोन जिंकेल त्याची पैज. पहिला डाव कचरू हरला. हाताला घाम सुटलेला, पिठी बोटाला चिकटून तिचा लगदा झालेला. तो पुढ्यातल्या सोंगट्या मारत होता, आणि त्याच चुकत होत्या. दुसरा डाव जगन्नाथरावांची एक सोंगटी जाळीच्या तोंडावर अडली म्हणून कसाबसा त्याच्याकडं आला. त्याला आनंद झाला नाही. खोलीत कुणी वाहवासुद्धा म्हटलं नाही. नेहमी गलका असायचा. आज सगळे सावकाराच्या ओट्यावर बसल्यासारखे बसले होते.

भुजंगला मात्र खात्री होती. इतकी, की त्यानं तिसरा डाव सुरू व्हायच्या आधीच आपल्या सालगड्याला नवं दावं देऊन कचरूच्या घरी धाडलं, गाय सोडून हॉटेलापुढं आणून बांध म्हणून.

तिसऱ्या डावात राणी मधोमध बसून होती. कचरूची एक पांढरी जाळीच्या ओठावर. फुंकर मारली तरी पडंल अशी. त्यानं स्ट्रायकर लावला. डोळ्यापुढं सोंगटी नव्हती, रिकामी दावण होती. बोट सुटलं. पांढरी पडली, आणि तिच्यामागं स्ट्रायकरही जाळीत गेला.

“गेली,” भुजंग म्हणाला. “आता सोंगटी परत ठेव, वर दंडाची एक.”

तेवढ्यात मागच्या दाराशी गाय हंबरली. ती हाक कचरूनं ओळखली. मान वर करायची त्याची छाती झाली नाही.

दारात चतुराबाई उभी. एका हातात कपिलीचं जुनं दावं, दुसऱ्या हातात नवं. मागं सालगडी ओशाळून उभा.

“ह्या माणसानं सांगितलं, गाय भुजंगशेटकडं न्यायचीया,” ती म्हणाली. “म्हटलं, मीच घेऊन येते. कोण न्हेतंय ते तरी बघावं.”

“वैनी, तुमच्या मालकानं लावलीया,” भुजंग म्हणाला. “आमी काही लुटून न्हाई नेत.”

“त्यांनी काय लावलं?”

“गाय.”

“कुणाची?”

भुजंगनं कचरूकडं बोट केलं.

“माझ्या बापानं आष्टीहून आंदणात दिलेली गाय,” चतुराबाई म्हणाली. “तिच्या पोटची ही. अवो, तुमी तुमची पायली लावा, टोपी लावा, सवताला लावा. पर माझ्या आंदणाला हात लावायचं तुमाला कुणी सांगितलं?”

कचरूचा चेहरा पिठीसारखा झाला.

“आंदणातली गाय मरून गेली,” भुजंग म्हणाला. “ही कचरूच्या दावणीला जन्मली, त्याच्या कडब्यावर वाढली. जगन्नाथराव, तुमी कोर्टातले. सांगा हिला.”

जगन्नाथरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “कोर्टातलं कोर्टात विचारा. आमच्या घरी आईच्या आंदणातली एक घागर होती. वडिलांनी घर गहाण टाकलं, घागर टाकली नाही. आणि मला तुम्ही गायीचं बोलला नव्हतात, भुजंगशेट. नुसता खेळ म्हणालात.”

“पण त्यानं शब्द दिलाय,” भुजंग म्हणाला. “चारचौघांत.”

“दिलाय,” कचरू पहिल्यांदा बोलला. “ते खरं हाय. मी दिलाय शब्द.”

चतुराबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं बघावं तसं बघितलं नाही. पोत्याला भोक कुठं पडलंय ते शोधावं तसं बघितलं.

“मोंढ्यात माप चुकलं तर काय करता वो तुमी?”

“आँ?”

“माप चुकल्यावर. भांडत बसता का अंदाजानं पुढं मोजता?”

“पोतं उलटं करतो,” कचरू हळूच म्हणाला. “रास परत लावतो.”

“मंग दुसऱ्याचं धान तुमी तुमच्या राशीत धरून मोजलंय. माप चुकलंय. लावा परत.”

भुजंग काही बोलायच्या आत जगन्नाथरावांनी दोन्ही हात बोर्डावर ठेवले आणि उरलेल्या सगळ्या सोंगट्या मधे ओढल्या. जाळ्या चाचपून पडलेल्याही काढल्या, राणी मधोमध ठेवून भोवती एकेक रचायला लागले. खोलीतल्या हमालांना मोंढ्याचा दंडक ठाऊकच होता. एकजण म्हणाला, “बराबर हाय. चुकलं माप भुजंगशेटच्या आडतीवरबी परतच लावत्यात.” मंग दुसराही म्हणाला.

“आन् माझी सायकल?” भुजंग म्हणाला.

“तुझी सायकल दारात उभी हाय,” द्वारकाबाई भट्टीवरून म्हणाली. “जाऊन बघ, ती कुणी न्हेली न्हाई.”

खोली हसली. भुजंगला उठून जाता आलं असतं. तो गेला नाही; भिंतीला टेकून उभा राहिला, कारण डाव लागला होता आणि तोही बघायचा होताच.

“कशावर खेळायचं?” जगन्नाथरावांनी विचारलं.

“चहावर,” कचरू म्हणाला. त्यानं हात धोतराला पुसले. बोट हलकं झालं होतं, जसं पायलीवरून फिरताना असतं.

मंग जो डाव झाला, तो पुढं बरीच वर्षं द्वारकाबाईच्या हॉटेलात सांगत. जगन्नाथराव सरळ मारायचे, दोरी आखल्यासारखं. कचरू कडा धुंडाळायचा. त्याची पहिली सोंगटी मागच्या जाळीत उलटी गेली तेव्हा जगन्नाथरावच आधी “वाह” म्हणाले. “लाभ,” कचरू म्हणाला, आणि सगळी खोली पुढचे आकडे त्याच्याबरोबर मोजायला लागली. राणी त्यानं दोन कडांवरून काढली. तिला कव्हर द्यायला पुढ्यात एक सोपी पांढरी होती. दुसरी काळ्यांच्या आड दडलेली.

“सोपी मार,” भुजंग भिंतीपासून ओरडला. “अरे सोपी मार, जितलास.”

कचरूनं आडची धरली. स्ट्रायकर तीन कडा फिरून आला, पांढरीला शिवला, पांढरी जाळीच्या ओठावर जाऊन डोलली आणि थांबली. खोलीनं एकदम उसासा टाकला. राणी परत मधोमध गेली. जगन्नाथरावांनी ती काढली, आणि मंग एकामागून एक उरलेल्या सगळ्या.

कचरू डोकं मागं टाकून हसला. “बाई, चहा. सगळ्यांना. भुजंगशेटलाबी.”

चहा कपिलीच्याच दुधाचा होता.

घरी जाताना चतुराबाई गाय घेऊन पुढं आणि कचरू मागं, असं चाललं. कुंडलिका नदीकडून वारं सुटलं होतं.

“हरलात ना?” चतुराबाई म्हणाली.

“हरलो.”

“मंग हसून कशाला राह्यलात?”

“हरलो म्हणून न्हाई.” त्यानं गायीच्या पाठीवर हात ठेवला. “चुकलं माझं. सांगायला पायजे होतं तुला.”

“सांगायला न्हाई, विचारायला,” ती म्हणाली, आणि दावं त्याच्या हातात दिलं. “आता पोळ्यापोतर धार तुमी काढायची. शेणबी तुमीच काढायचं. म्हंजी कळंल कुणाची हाय.”

त्या दिवशी सांजेला कचरू पहिल्यांदा कपिलीच्या कासेशी बसला. लोकांचं धान मोजणारा हात, पण आचळाला लागल्यावर त्याला काही जमेना. कपिलीनं शेपटी फिरवून त्याच्या तोंडावर मारली. चतुराबाई उंबऱ्यावर बसून बघत होती, पदर तोंडाला लावून. मंग कशीतरी एक बारीक धार चरवीत वाजली.

“लाभ,” कचरू म्हणाला.