बसक्या लाल गाडीची खबर

ती घटना आजही आठवते, आणि मी विसरायला लागलोच तर आमची सौभाग्यवती आठवण करून देते. अख्ख्या नोकरीत मी काही खुनांचा छडा लावला, दरोडेखोर पकडले. त्यातलं कुणाला काही ऐकायचं नसतं. पाहुण्यांसमोर चहा ठेवला की हिचं सुरू, "अहो, ती लाल गाडीची केस सांगा ना!" म्हणजे नेमकी ज्यात माझी फजिती झाली ती.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात प्रभारी म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. कुणाचं नाव लिहीत नाही. त्या गावात तसली गाडी एकच होती, त्यामुळे जाणणारे जाणतीलच. त्यांनीही मनात ठेवावं.

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदार म्हणून एक मुरलेले हवालदार बसले होते. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि स्पीकर चालू करून मला खूण केली. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात, धापा टाकत बोलत होता.

"लाल रंगाची बसकी गाडी हाये, दोन शिटांची. नंबर खोटा हाये तिचा. चोरीची असन. शिरपूरच्या रस्त्यानं संध्याकाळी फिरते. दोन भाऊ हायेत. चौकशी करा साहेब... पन पोराईले मारू नका."

फोन बंद झाला. हवालदार रिसीव्हरकडे बघत म्हणाले, "साहेब, एवढ्या नोकरीत आरोपीची काळजी करनारा खबऱ्या पहिल्यांदाच आयकला."

तिथेच थांबून विचार करायला हवा होता. मी केला नाही. माझ्या डोक्यात स्पोर्ट्स कार, बोगस नंबर आणि आंतरराज्य टोळी एवढंच शिरलं.

हवालदारांनी मला आवरायचा प्रयत्न केला. "ते गाडी तं आपल्या चाचाची हाये साहेब. रेडिमेड कपड्याचं दुकान होतं त्याईचं. जिंदगीभर दुसऱ्याईले सूट इकून झाल्यावर नागपूरच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली. जुम्म्याची नमाज झाली का फाट्यापर्यंत चक्कर. सायकलवाले पुढं निघून जातेत, इतकी हळू चालवतेत."

चाचांच्या गाडीचा नंबर तपासला. नोंद चाचांच्याच नावावर, रंग लाल, सगळं बरोबर. पण नोंद बरोबर असली म्हणजे खालची गाडी तीच असते असं नाही. सांगाड्यावर कोरलेला चॅसी नंबर बघितल्याशिवाय मी कुणाला सोडत नसे.

संध्याकाळी शिरपूरच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. वेगवान गाडी म्हणून तयारीही तशीच: दोन जीपगाड्या, बॅरिकेड, पुढच्या ठाण्याला आगाऊ कळवलेलं. पाठलाग करायची वेळ आली तर आपण पुढच्या सीटवर असावं म्हणून मी पट्टासुद्धा लावून बसलो होतो.

गाडी आली. बॅरिकेडच्या अलीकडे असलेल्या गतिरोधकावर चढली आणि तिथेच बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, पोट मधे. आतून तिशीतला एक माणूस उतरला, आमच्या फौजफाट्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं साहेब, तुमी भेटले. जरा ढकलू लागसान का?"

आणि सांगायला लाज वाटते, आम्ही ढकलली. आरोपीची गाडी पोलिसांनी ढकलत बॅरिकेडच्या आत आणली, मग ती अडवली.

चॅसीवर कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर उतरवला. नोंदीशी जुळला नाही. मी जागेवरूनच वरिष्ठांना फोन केला, "सर, मोठी टोळी हाती लागलीय." तो फोन आणखी दोन तासांनी केला असता तर बरं झालं असतं.

गाडीत दोघं सख्खे भाऊ होते, चाचांचीच मुलं. त्यांना ठाण्यात आणून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मोठा म्हणाला, "गाडी अब्बाचीच हाये, गॅरेजले टाकली होती, दुरुस्त करून आनली." धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, "गाडी अब्बाचीच हाये, गॅरेजले टाकली होती, दुरुस्त करून आनली." शब्दाला शब्द. खरं बोलणारी दोन माणसं एकच गोष्ट कधी एकसारखी सांगत नाहीत. एकाला आधी जेवण आठवतं, दुसऱ्याला पाऊस. हे पाठ केलेलं होतं.

पुढचे प्रश्न विचारले तर दोघांनी तोंड मिटून घेतलं. दमात घेतलं, गोड बोललो, चहा पाजला, काही नाही. शेवटी मोठ्याला म्हणालो, "ठीक आहे. गाडी वडिलांच्या नावावर आहे, तर जबाब त्यांचाच घेतो. पाठवा रे जीप."

तो खुर्चीवरून खाली आला आणि माझे पाय धरले. "अंदर टाका साहेब, काय कलमं लावाची ते लावा. पन अब्बाले बलावू नका. त्याईले मालूम नाही."

"काय माहीत नाही?"

"गाडी बुडाली ते."

मग सगळं बाहेर आलं. पावसाळ्यात नाला फुटून बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. दुकानामागच्या टिनाच्या शेडमधे ती गाडी होती. पाणी ओसरलं तेव्हा स्टिअरिंगपर्यंत गाळ भरलेला. त्याच वेळी चाचा अकोल्याला दवाखान्यात होते, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. चाचा शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारते झाले, "गाडी झाकून ठेवली ना?" मोठा "हाव" म्हणून बसला. त्या एका "हाव"पायी दोघा भावांनी पुण्या-मुंबईच्या दलालांना फोन लावले, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची जुनी गाडी शोधली, मोठ्याने स्वतःचा प्लॉट विकून ती आणली आणि तिला अब्बांच्या गाडीची नंबर प्लेट लावली.

"त्याईच्या डोयात मोतीबिंदू हाये साहेब," मोठा म्हणाला. "आमाले वाटलं, दिसनार नाही."

खरेदीचे कागद त्याने घरून मागवले. मूळ मालकाशी फोनवर बोललो, तिकडच्या ठाण्याकडून खात्री केली. व्यवहार चोख होता. राहिला तो फक्त खोट्या नंबरचा गुन्हा. माझी टोळी संपली. वरिष्ठांना पुन्हा फोन करावा लागला. ते काय म्हणाले ते घरच्या पाहुण्यांनाही सांगत नाही.

प्लेट तर काढावीच लागणार होती, आणि नंबर बदलला की चाचांना कळणार. त्यांची तब्येत कितपत सोसेल ते आधी पाहावं म्हणून मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. मुलं ठाण्यात आहेत हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. कागद घेऊन आलेल्या नोकरालाही नाही, तो फाटकावरूनच परतला होता.

चाचा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळलेला देह, पांढरी टोपी, सदऱ्याच्या गळ्यातून टाक्यांची खूण दिसत होती. मी नमस्कार केला, नवीन आलो आहे, सहज ओळख करून घ्यायला आलो म्हणालो. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला. मग पुढे झुकून, धाप आवरत, हळूच विचारलं,

"कबूल झाले का पोरं?"

तो आवाज मी दुपारी ऐकला होता.

"चाचा, फोन तुम्ही केलात?"

त्यांनी मान खाली घातली. "दवाखान्यातून आल्यावर पयल्या दिवशी गाडीत बसलो. साहेब, मी इतके साल बसलो त्या शिटवर, माह्या बसन्याचा खड्डा पडला होता. हे गाडी दुसऱ्या कोन्या जाड्या मानसाची हाये. नंबर माहा, गाडी दुसऱ्याची. मंग पोराईनं आनली कुठून?"

"मुलांनाच विचारायचं होतं."

"विचारलं असतं, अन् ते हाव म्हनले असते तं?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमी पोलीस हा. तुमी विचारसान तं कमीत कमी मले समोर बसून आयकाव नाही लागनार."

मी पुढचं काही न सांगता त्यांना जीपमधे घातलं. माझ्या तोंडून ऐकून त्यांची खात्री पटली नसती.

चाचांना ठाण्याच्या दारात बघून मोठा उभा राहिला, धाकटा भिंतीला टेकला. दोघांनाही वाटलं असणार, आता हे इथेच कोसळतात. चाचा सरळ मोठ्याजवळ गेले.

"चोरली का रे?"

"नाही अब्बा! इकत घेतली. आपली पुरात गेली."

"माह्या डोक्यावर हात ठेवून सांग."

त्याने ठेवला. चाचा बाकावर बसले, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या छातीकडे बघत होतो. हवालदारांनी दवाखान्याचा नंबर काढून ठेवला होता. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"बुडाली तं बुडाली. लोखंडच होतं ते. पानी पाजा कोनी."

धाकटा एकदम उसळला. "साहेब, खबर कोनं देल्ली ते सांगा. बाजारातलाच असन कोनी जळका. त्याले पाह्यतोच मी."

"खबऱ्याचं नाव पोलीस सांगत नसतात," मी म्हणालो. माझ्यापरीने मी चाचांना झाकलं होतं. पण ते म्हणाले,

"मी देल्ली."

धाकट्याचा आवाज बारीक झाला. "तुमी? अब्बा, तुमी आमाले चोर समजले?"

चाचांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "चोर समजलो असतो तं घरातून हाकललं असतं रे. माह्यासाठी तुमी काहीबी करसान, याची मले खात्री होती. त्याचंच भेव लागलं."

धाकटा तिथेच, पोलीस ठाण्याच्या बाकावर, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. हवालदार स्टेशन डायरी उघडून काहीही न लिहिता बसले.

खोट्या नंबरबद्दल रीतसर दंडाची कारवाई केली, प्लेट ठाण्यातच काढून घेतली आणि गाडी तिच्या खऱ्या नंबरावर रवाना केली. डायरीत एवढं सगळं दोन ओळींत मावलं.

त्यानंतर माझ्या कामाच्या पद्धतीत एक बदल झाला. निनावी फोन आला की पूर्वी मी एवढंच विचारायचो, खबर कुणाविरुद्ध आहे. पुढे, निवृत्त होईपर्यंत, कागदावर काही लिहायच्या आधी मी फोन करणाऱ्याचा श्वास ऐकत असे. तक्रार करणारी सगळीच माणसं चिडलेली नसतात. काही नुसती घाबरलेली असतात, आणि ज्याच्यासाठी घाबरलेली असतात त्याचंच नाव आपल्याला सांगतात.