म्हैस का उठली?

नसीमताईंची आणि माझी पहिली भेट धायरीतल्या त्यांच्या घरी झाली. रस्त्यात बसकण मारलेल्या म्हशीवरच्या त्यांच्या चित्रपुस्तकाचा ॲनिमेशनपट करायची परवानगी मागायला मी गेलो होतो. "मुलांमध्ये बसता का हो आपण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ॲनिमेशनचा भरपूर अनुभव आहे मला." "ते मी विचारलं नव्हतं. साखर चालते ना?" असं म्हणून त्यांनी चहा दिला आणि परवानगीही. एकही अट घातली नाही.

ताईंनी हयातभर बालवाडी चालवली आणि तिथेच पुस्तकं घडवली. काढलेलं प्रत्येक पान त्या आधी मुलांना दाखवत. ज्या पानावर एकही मूल मध्ये तोंड घालत नसे, ते कितीही देखणं असलं तरी बाद. या पुस्तकात शेवटी म्हैस आपणहून उठते. का उठली, हे ताईंनी लिहिलेलंच नाही. ते मुलांनी सांगायचं.

मी पडलो अतिशहाणा. मला ती उणीव वाटली. चित्रपटात मी एका नामवंत नटाचं भारदस्त निवेदन घातलं आणि वासराने हाक मारली म्हणून म्हैस उठली, असा खुलासाही करून टाकला. लोणी काळभोरच्या एका शाळेत पहिला खेळ झाला. मुलं चिडीचूप. शेजारी बसलेल्या ताईंना मी म्हणालो, "बघा, कशी रंगलीत!"

"हो ना. एक पोर बोललं नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यात ताईंनी मुलांसमोर माझ्या रंगांचं आणि म्हशीच्या चालीचं तोंडभरून कौतुक केलं. ते ऐकताना तर मान वर करवेना.

परतताना गाडीत मी माफी मागितली. "ती राहू द्या," ताई म्हणाल्या. "निवेदन काढता येतंय का, ते बोला. का नटाची भीड पडते?" भीड पडत होतीच. चित्रपट लवकरच सगळीकडे दाखवला जायचा होता. तरी निवेदन काढलं. गुडघे दुखत असताना ताई जिना चढून स्टुडिओत आल्या आणि कुठे थांबायचं, मुलांची वाट कुठे बघायची, हे शेजारी बसून सांगत राहिल्या.

त्याच शाळेत पुन्हा खेळ लावला. म्हैस उठली आणि वर्गात एकच गलका झाला. कुणी म्हणालं तिला भूक लागली, कुणी म्हणालं गाड्यांच्या भोंग्यांना कंटाळली. एक मुलगी सगळ्यांना गप्प करत उभी राहिली. "तिचं बसून झालं, म्हून उठली. आन् काय!" ताईंना हसून हसून चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसलो, पण हिचंच तोंड आपण बंद करायला निघालो होतो, हे मनातून जाईना. अजूनही जात नाही.

ताईंना पंच्याहत्तरीनंतरही ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो आणि पुढच्या कैक पुस्तकांची पानं मुलांच्या गोंगाटात पास होवोत. ताईंच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी आपण हाच चित्रपट दाखवणार आहोत. म्हैस उठली की मान्यवरांनी कृपया गप्प बसू नये. ओरडायची लाज वाटलीच, तर माझ्याकडे बघावं. सगळ्यांच्या वाटची लाज मी आधीच घेऊन बसलेलो असेन.