मेलेल्या वायरींचा डबा

टेबल माझं आहे, हे आधी सांगून ठेवते. लोकांचे झगे, पँटी, पडदे, काय म्हणाल ते मी शिवून आणि उसवून देते. माझं शिवणयंत्र त्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला असतं. दुसऱ्या टोकाला माझा धाकटा भाऊ बसतो. पन्नाशी उलटली तरी धाकटाच. बायको वारल्यापासून माझ्याकडेच राहतो. दिवसभर छापखान्यात त्या धडधडणाऱ्या मशीनवर आणि संध्याकाळी गिटार. लहानपणापासून सगळे त्याला कानसेन म्हणतात, कारण शेजाऱ्यांचा नळ गळत असला तरी ह्याला झोप यायची नाही. कुणी गाताना जरा सूर सोडला की ह्याचं तोंड लगेच कडू.

तर गिटारवाल्याच्या पायाशी एक फळी असते. तिच्यावर पायाने दाबायच्या लहान लहान पेट्या, त्यांना पेडल म्हणतात. एकीने आवाज घुमतो, एकीने खरखरतो, एकीने लांबत जातो. एका पेडलमधून पुढच्यात आवाज न्यायला वीतभर वायर लागते, दोन्ही टोकांना प्लग असलेली. बस्स, एवढंच. त्या वीतभर वायरीनं माझ्या घराचा उकिरडा केलाय.

झालं काय, तर एका कार्यक्रमात ह्याची एक वायर खरखरली. माणूस काय करेल? ती एक बदलेल. आमचे कानसेन म्हणाले, "सगळ्याच संशयित आहेत." मग विकतच्या आणल्या. एकीच्या प्लगचं डोकं जाड, म्हणून पेडलं जवळ बसेनात. दुसरी ताठ, वाकायलाच तयार नाही. तिसरीचे स्क्रू ढिले होतात म्हणे. शेवटी साहेबांनी ठरवलं की आपण घरीच बनवायच्या. मग काय, डाख द्यायचं तापलेलं यंत्र, धूर, आणि माझ्या टेबलावर करपलेले डाग. एकदा दोन्ही टोकं अगदी सुरेख जोडली आणि मग बघतो तर प्लगचं झाकण टेबलावरच! ते आधी वायरीत ओवायचं असतं. सगळं तोडून पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "अरे, मी बाही जोडायच्या आधी उलटी तर नाही ना ते बघते." तर माझ्यावरच डाफरला.

हेही चाललं असतं हो. पण ह्याने बनवलेल्या वायरी पटापट मरायला लागल्या. वायर झाली की हा मीटर लावून तपासायचा. जुना मीटर भुंग्यासारखा घूंऽऽ करायचा, तो बिघडला. नवा आणला तो बारीक पीं करतो. हा मीटरच्या दोन काड्या वायरीच्या दोन टोकांना टेकवायचा, मीटर पीं करायचा, हा म्हणायचा "मेली", आणि वायर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. पुन्हा पीं, पुन्हा "मेली." माझं यंत्र चालू असलं तरी ते पीं सुईसारखं डोक्यात घुसायचं. मीटरच खराब असेल म्हणून तो कानाशी धरून काड्या एकमेकींना टेकवून बघायचा आणि म्हणायचा, "मीटर ठणठणीत आहे. माझा हातच खराब झालाय."

तिकडे बँडचे मास्तर कावलेले. हे मास्तर म्हणजे की-बोर्ड वाजवतात आणि कार्यक्रम ठरवतात. त्यांनी मलाच फोन केला. "ताई, रागावू नका, पण गेले काही महिने ह्यांचा आवाज कानाला टोचतो. लोक पुढच्या खुर्च्या सोडून उठतात. सांगायला गेलं की म्हणतात, वायरींचा दोष आहे. रविवारी हे ठीक झालं नाही तर मला दुसरा गिटारवाला बघावा लागेल."

मी फोन ठेवला. बायको गेल्यावर हा माणूस वर्षभर नीट बोलला नव्हता. त्याला परत माणसांत आणलं ते ह्या बँडनं. तिथून काढला तर हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि हा खुशाल वायरी मारत बसला होता! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

शनिवारी संध्याकाळी माझ्या संयमाचा बांध फुटला. एका नवरीचा झगा कमरेत आत घ्यायचा होता, आणि पलीकडे पीं. "मेली." पीं. "मेली." पीं.

"अरे, पुरे कर!" मी ओरडले. "ते यंत्र जीव तोडून बोंबलतंय की वायर मेली, वायर मेली! मग कळत कसं नाही तुला? टाक ना एकदाची आणि विकतची घे!"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काहीतरीच काय बोलतेस? मेलेली वायर बोंबलत नसते, ताई. वायर चांगली असली तरच मीटर वाजतो."

आता मला काय ठाऊक? आमच्या घरात जे यंत्र पीं करतं ते तक्रारच करतं. फ्रीजचं दार उघडं राहिलं की पीं. कपडे धुवायचं मशीन अडकलं की पीं. मला वाटायचं, हाही त्यातलाच.

"मग आत्ता वाजला तो काय होता?" मी विचारलं.

"काय वाजलं?"

"मीटर! सारखा वाजतोय मेला. पंधरा दिवस डोकं उठवलंय माझं."

 त्याने काड्या पुन्हा वायरीला टेकवल्या. पीं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वाजला?"

"वाजला की."

त्याने पंखा बंद केला. पुन्हा टेकवल्या. "आता?"

"हो रे."

मग त्याने बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला आणि एकेक वायर तपासायला घेतली. टेकवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायची. एकूण एक वायर जिवंत होती. एवढी चांगली बातमी, पण त्याच्या तोंडावर रंग नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पंधरा दिवस मी त्या माणसाला वाट्टेल ते बोलत होते.

"म्हणजे मास्तर म्हणतात तसा माझा आवाज टोचत असणार," तो हळूच म्हणाला. "मला आवाज दबलेला वाटायचा, म्हणून मी पेडलवरचं बारीक सूर उठवायचं ते बटण वाढवत गेलो."

"सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे. नाही म्हणायचं नाही," मी म्हटलं. "आणि आत्ता ती फळी जोड."

त्याने त्याच वायरींनी फळी जोडली आणि वाजवायला लागला. आई गं! दात आंबले माझे. "कमी कर," मी म्हटलं. "अजून. अजून कमी कर. हां, आता बरं वाटतंय."

"मला तर पांघरुणातून ऐकल्यासारखं वाटतंय."

"वाटू दे." मी माझा कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि बटणावर रेघ मारली. "ह्याच्या पुढे गेलास तर बघ."

रविवारी मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. एरवी कधी जात नाही, एवढा गोंगाट कोण ऐकणार? दुसऱ्या गाण्यात ह्याचा हात सवयीने बटणाकडे गेला. मी डोळे वटारले. हात मागे गेला. एकही खुर्ची रिकामी झाली नाही. संपल्यावर मास्तर म्हणाले, "बघा, वायरी बदलल्या आणि आवाज कसा सुधारला! पुढच्या शनिवारीही यायचं बरं का." ह्याने नुसती मान हलवली.

घरी येताना फळी त्याच्या खांद्याला, गिटार माझ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला.

"ताई, शेवटी मी वरच्या पट्टीत जात वाजवतो ना, तिथे सुरांवर एक चमक असते. ती होती का आज?"

आयुष्यात मी ह्याच्या गिटारला कधी चांगलं म्हटलेलं नाही. "होती रे," मी म्हटलं, "खूप छान होती." आणि मग मला रस्त्यातच रडू फुटलं.