पहिल्या चाचणीची वेळ

मंगळवार, ११ फेब्रुवारी. ऊन चांगलं. उशांचे अभ्रे धुतले, चारपर्यंत वाळले. दहा वाजता बॉबिन आणि त्याची मुलगी आली, दीड तास बसली. माळ्यावरून डायऱ्यांची पेटी काढवून घेतली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची डायरी सापडली. १४ जूनचं पान वाचलं. दुपारी जेवले नाही.

बाईंच्या डायरीत यापेक्षा जास्त कधीच नसे. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय होती ती: काय घडलं आणि किती वाजता, एवढंच लिहायचं, मनातलं देवाला तसंही ठाऊक असतं.

बाई कानांच्या तज्ज्ञ होत्या. एकतीस वर्षं कॉलेजात शिकवलं. वर्गाशेजारी दुहेरी दाराची, भिंतींना जाड गादी लावलेली एक लहानशी खोली होती. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. सोपं काम दिसे, पण बाईंच्या हाताखाली ते सोपं नव्हतं. दर वर्षी पहिल्याच तासाला त्या सांगत, "पहिली चाचणी म्हणजे पाया. त्याआधी चौदा तास त्या कानाला गोंगाट लागलेला नको. दमलेला कान खोटं सांगतो, आणि ते खोटं तुम्ही जन्मभर खरं धरून चालता." तक्त्यावर चाचणीची वेळ लिहिली नाही, तर त्या मुलांना सरळ नापास करत. मुलं त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायची. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

संशोधन मात्र त्यांनी एकच मोठं केलं, गावाबाहेरच्या कापड कारखान्यातल्या मागांच्या शेडचं. बासष्ट माणसं, सलग बारा वर्षं, दर वर्षी एक तपासणी. पहिल्या वर्षी तपासलेला पहिलाच माणूस मशीन दुरुस्त करणारा फिटर होता. दोन वर्षांनी बाईंनी त्याच्याशीच लग्न केलं. घरच्यांनी नाकं मुरडली, पण संसार झकास झाला.

फिटरला आधीपासून जरा कमी ऐकू यायचं. लहानपणी कान फुटला होता, असं तो सांगे, आणि बाईंच्या तक्त्यावरही पहिल्या वर्षापासून तेच होतं. पुढे ते वाढत गेलं तरी त्याची थट्टा काही संपली नाही. बाई दुसऱ्यांदा काही सांगू लागल्या की म्हणायचा, "तुझ्या कागदावर माझे कान जसेच्या तसे आहेत. तेव्हा आवाज तुझाच बसलाय." शेवटी दाराची बेल ऐकू येईना, म्हणून त्यानेच बेलला तार जोडून बैठकीत एक दिवा बसवला. कोणी बटण दाबलं की दिवा लागायचा. फिटर जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्या मंगळवारी दिवा लागला तेव्हा दारात बॉबिन उभा होता. फिटरच्या शेडमधला विणकर, सडपातळ आणि सदा गरगर फिरणारा, म्हणून ते नाव. आता तो जवळजवळ ठार बहिरा झाला होता आणि स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलायचा. सोबत त्याची धाकटी मुलगी होती. दोन वर्षांपासून ती त्याच शेडमध्ये मागावर होती.

पाळी सुटल्यावर हिच्या डाव्या कानात शिट्टी वाजते, असं बॉबिनने सांगितलं. आधी तासभर वाजायची, आता सकाळपर्यंत जात नाही. मशीनभोवती आवाज अडवणारं आवरण बसवा, असा पोरींनी मिळून अर्ज केला होता. त्यावर कारखान्याचं उत्तर आलं होतं, ते त्याने टेबलावर ठेवलं. शेडची बारा वर्षं शास्त्रीय पाहणी झाली आहे, कामगारांच्या श्रवणशक्तीत लक्षणीय फरक आढळलेला नाही, सबब आवरणाची गरज नाही.

"वहिनी," बॉबिन म्हणाला, "त्या पाहणीखाली नाव तुमचं आहे."

तो रागावला नव्हता, आणि तेच बाईंना जड गेलं. त्या म्हणाल्या, आकडे तसेच आले होते, मी काही पदरचं घातलं नाही. ते त्याला ऐकू गेलं नाही. मुलीने कानाशी ओरडून सांगितलं. तो मान हलवत म्हणाला, "असेल. पण मग मला कोणी बहिरं केलं? सासूनं?"

मुलगी हसली. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी मुलीलाच स्टुलावर चढवून माळ्यावरची पेटी काढायला लावली. शेडमधल्या पहिल्या चाचणीच्या, १४ जूनच्या पानावर त्यांच्याच गोल, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

पहिली पाळी सुटल्यावर तीन ते सहा तपासणी. मॅनेजरने तेवढीच वेळ दिली. आज सोळा जण, बाकीचे पुढचे तीन दिवस याच वेळी. फिटर पहिला आला. कानातलं मशीन अजून बंद होत नाही म्हणाला. सगळे हसले.

बाईंनी ते दोनदा वाचलं. आठ तास मागांच्या खडखडाटात काढून माणसं थेट त्यांच्यासमोर येऊन बसली होती. त्या दमलेल्या कानांना जेवढं कमी ऐकू आलं, तेवढं कमीच ती माणसं घरून घेऊन आली, असं तक्त्यात धरलं गेलं. पुढल्या वर्षापासून तपासणी सकाळी, कामाआधी होऊ लागली. तोवर कान खरोखरच बिघडू लागले होते, पण पहिला आकडाच इतका वाईट होता की नुकसान त्याच्या मागे झाकून गेलं. बारा वर्षं बाई फरक शोधत राहिल्या आणि फरक सापडला नाही. चौदा तासांचा नियम त्या स्वतः पुढच्याच वर्षी एका पुस्तकात शिकल्या. मग जन्मभर दुसऱ्यांना शिकवला. आपल्या पहिल्या तक्त्याला तो लावून पाहावा, हे एकदाही सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"काकू, पाणी आणू का?" मुलीने विचारलं.

त्यानंतर बाईंनी नऊ पत्रं लिहिली. ज्या नियतकालिकात त्या पाहणीवरचा लेख आला होता, ते कधीच बंद पडलं होतं. शेवटी कॉलेजची विभागप्रमुख, जी बाईंचीच जुनी विद्यार्थिनी होती, तिने कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावून महिन्याभराने बैठक घडवून आणली. त्याच सकाळी तिने बॉबिनच्या मुलीची तपासणीही केली. आदल्या दिवशी तिला रजा घ्यायला लावली होती. तक्त्यावर चाचणीची वेळ आधी लिहिली.

बैठकीत बाई सगळं बोलल्या, काही लपवलं नाही. चूक माझी आहे, तो निष्कर्ष धरू नका, असं स्पष्ट सांगितलं आणि डायरी पुढे सरकवली. अधिकारी तरुण आणि नम्र होता. त्याने पान वाचलं, परत दिलं, आणि मूळ तक्ते बघायला मागितले. विभागप्रमुखाने फाईल उघडली. पहिल्या वर्षीचे बासष्ट तक्ते होते, पिवळे पडलेले, पण नीट जपलेले. प्रत्येक तक्त्यावर वेळेचा रकाना कोरा होता.

मग विभागप्रमुख खाली बघतच म्हणाली, "मॅडम, वेळ नसलेला तक्ता पुरावा म्हणून धरू नका, हे तुम्हीच शिकवलंत."

"मग तो लेख तरी कसा धरता?" बाईंनी विचारलं.

अधिकाऱ्याने सांगितलं की छापलेला लेख तो छापलेला लेख. घरगुती डायरीवरून मशीन बदलायला वरचे लोक तयार होणार नाहीत. नवी पाहणी करा, तिचं स्वागत आहे. विभागप्रमुख म्हणाली की करू, नक्की करू, पाचेक वर्षं लागतील. दोघांचंही चुकत नव्हतं. बाईंनी तिथेच हात टेकले.

बाहेर जिन्यापाशी बाकावर मुलगी थांबली होती. बाईंनी तिचा नवा तक्ता पाहिला. डाव्या कानाची रेघ बारीक, उंच आवाजाच्या जागी खड्ड्यासारखी खाली गेली होती. तसे खड्डे बाईंनी हजारो पाहिले होते. ते भरून येत नाहीत. कानात घालायचे बोळे त्यांनी तिला आधीच दिले होते. ती ते घालायची, पण घातल्यावर धागा तुटलेला कळत नाही म्हणून मुकादम काढायला लावायचा. दुसरीकडे काम मिळालं तर बघ, असं बाई म्हणाल्या. आपण काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणतोय, हे त्यांनाही कळलं.

"बोलणं ऐकू येणं कधी बंद होईल?" मुलीने विचारलं.

"अजून आठ-दहा वर्षं बोलणं कळेल."

मुलीने मनातल्या मनात हिशोब केला. "तोवर माझा पोरगा दहावीला असेल," ती म्हणाली. "बाबांना सांगू नका, काकू. म्हणजे ओरडून सांगू नका." मग ती घड्याळ बघत उठली. दुसरी पाळी तीनला सुरू व्हायची होती.

बाई घरी आल्या. कुलूप उघडण्याआधी सवयीने त्यांचं बोट बेलच्या बटणावर गेलं, तसं ते फिटरच्या वेळी जायचं. दारावरच्या काचेतून आतला दिवा लागलेला दिसला.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: बैठक अकरा ते पाऊण. निकाल नाही. तपासणी सकाळी ९.१०, डावा कान खराब. स्वयंपाकघरातला दिवा परवा गेला होता. बेलच्या दिव्याचा बल्ब काढून तिथे लावला.