चांगदेवच्या कॉम्प्युटरची मोजणी

दिवेआगरच्या चांगदेवइतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही. फक्त एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली, की बाहेर काढायला जेसीबी लागतो.

वादळानंतर पंचनाम्याला तलाठी आले, तेव्हा त्याने आडव्या माडांपासून फुटक्या कौलांपर्यंत सगळं दाखवलं. पडवीमागचा मोडका पंप तेवढा दाखवायचा राहिला आणि त्याची नोंदच झाली नाही. तेव्हापासून याचं एकच तत्त्व: जे समोर मांडलं नाही, ते मोजलं जात नाही.

यंदा त्याच्या होमस्टेच्या बुकिंगचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. बायकोने, नीराबाईने, निर्वाणीचं सांगितलं, "संध्याकाळी बोर्लीहून भंगारवाला येतोय. तोवर चालू झाला तर ठेवा, न्हाय तर त्याच्या टेम्पोत."

पनवेलच्या पुतण्याने, विनेशने, पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी नवी सिस्टीम, पाठवलं होतं. चांगदेवने ते लावलं. 'हार्डवेअर शोधत आहे' अशी अक्षरं स्क्रीनवर आली आणि तिथेच रुतली. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. शेवटी विनेशला स्पीकरवर फोन लावला.

"काका, मागे काय काय जोडलंय?"

"सगळं!" चांगदेव अभिमानाने म्हणाला. "स्कॅनर, कॅमेरा, दोन प्रिंटर. एक चालू, एक मेलेला."

"मेलेला कशाला?"

"अरे, मोजणी चाललीय ना! आज दिसला न्हाय, तर उद्या कॉम्प्युटर म्हणेल, तुमच्याकडे नव्हताच."

"काका, तो तलाठी न्हाय! मेलेल्या प्रिंटरला हाका मारतोय आणि ओ कधी येते म्हणून बसून राहिलाय. कीबोर्ड, माउस ठेवा, बाकी काढा."

"आणि त्यांची नोंद?"

"मागाहून होते."

"मागाहून म्हणजे पुरवणी यादीत? बाबा रे, पंपाच्या त्या यादीची मी अजून वाट बघतोय!"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. नीराबाईने ओल्या हातांना पदर लावला, नवऱ्याला बाजूला सारलं आणि कीबोर्ड-माउस सोडून मागे जोडलेल्या वस्तूंच्या सगळ्या वायरी शेवग्याच्या शेंगा ओढाव्यात तशा ओढल्या. कॉम्प्युटर चालू केला. अक्षरं आली, थबकली आणि पुढे सरकली. लिनक्सने विचारलं, भाषा कोणती?

"ताई, कुठाय कॉम्प्युटर?" भंगारवाला अंगणातून ओरडला.

"तो ऱ्हातोय. हा मेलेला न्या!" म्हणत तिने प्रिंटर त्याच्या हातात दिला.

आता भंगारवाला पायरीवर चहा पितोय. प्रिंटर टेम्पोत आहे, आणि टेम्पोपुढे हात पसरून चांगदेव.

"नोंद होऊ दे," तो म्हणतोय. "मग खुशाल ने."