बँडमास्तरांचा उजवा हात

आमचे हे सुट्टीवर असले की घरात क्रेन उभी केल्यासारखं होतं. जागा अडते, काम काही होत नाही.

थट्टा नाही हो. जहाजं बांधायच्या कारखान्यात हे मोठी क्रेन चालवतात. सकाळी शिडीने वर चढायचं, काचेच्या खोपटात बसायचं, संध्याकाळी उतरायचं. दिवसभर बोलायला कोणी नाही. खाली इतका ठणाठणा की वॉकीटॉकीतून नुसती खरखर येते, म्हणून सगळा कारभार खुणांवर. मी बालवाडीत दिवसभर चिमण्यांशी ओरडून घरी येते, तर हे जेवताना मीठ हवं असलं की बोट वर करून गोल फिरवणार. म्हणजे उचल. एकदा भर रस्त्यात कोणा बाईने बस थांबवायला हात आडवा धरला, तर हे रस्त्याच्या मधोमध खांबासारखे उभे! मागून हॉर्न, पुढून शिव्या. मी दंडाला धरून ओढत नेलं.

यंदा क्रेनचे दोर बदलायचे म्हणून आठवडाभर सुट्टी मिळाली. पहिल्या दिवशी हे झोपले. दुसऱ्या दिवशीही झोपलेच. तिसऱ्या दिवशी बँडमास्तर चहाला आले, तेव्हा कुठे माणूस माणसात आला.

बँडमास्तर म्हणजे यांचे खुणा देणारे. क्रेनखाली उभं राहून हातांनी सांगायचं, उचल, डावीकडे ने, हळू, थांब. वरून ते बँड वाजवून घेताहेत असं दिसतं, म्हणून यांनीच ते नाव ठेवलं आणि कारखान्याने उचललं. दोघांची मैत्री माझ्या लग्नाआधीची, ती सगळी हातांवर झालेली. मास्तरांनी, मी त्यांना भावोजी म्हणते, बोट इतकंसं हलवलं की यांचा लोखंडाचा डोंगर तेवढाच सरकायचा. "त्याचा हात असला की मला डोळे नसले तरी चालतील," असं हे म्हणायचे. माझ्याविषयी असं कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही, ते जाऊ दे.

तर भावोजींनी कप उचलला आणि कप बशीवर खडखडला. अर्धा चहा टेबलावर. हे बिस्किटं आणायला आत गेले होते. भावोजींनी उजवा हात झटकन खिशात घातला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बोलता बोलता थांबले. पटकन फडकं फिरवलं आणि दुसरा चहा ओतला. तो त्यांनी डाव्या हाताने प्यायला.

दुसऱ्याच दिवशी मी मास्तरीणबाईंना गाठलं. म्हणजे त्यांच्या बायकोला. सांगायला कशाला हवं, आधी नाही नाही म्हणाल्या आणि मग ओट्याला टेकून रडल्याच. हात कितीतरी महिने थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण थरथर पूर्ण जाईल असं नाही. कारखान्यात कोणाला सांगितलेलं नाही.

"झाकली मूठ आहे, ताई," त्या म्हणाल्या. "हातातलं काम गेलं तर हे जगायचेच नाहीत. भाऊंना काही बोलू नका."

भाऊ म्हणजे आमचे हे. आता मी काय करावं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुट्टी संपली की तो हात पुन्हा खाली उभा राहणार, आणि माझा माणूस त्याच्यावर भरवसा ठेवून माणसांच्या डोक्यावरून लोखंडाचे पत्रे नेणार. हात थरथरला आणि यांनी त्याला खूण समजून खाली सोडलं तर? कोणाचा तरी जीव जाईल, आणि हे काही त्यानंतर झोपणार नाहीत. मी तर नाहीच नाही. उद्या मास्तरांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण होतं. म्हटलं, ते सुखाने पार पडू दे, मग तोंड उघडीन. खोटं कशाला सांगू, भीतीच वाटत होती.

वाढदिवसाला मास्तरांच्या घरी जुनी मंडळी जमली. एक वेल्डर, एक रंगारी, त्यांच्या बायका, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण, जिचं टेबल सगळ्यांना हवं होतं. अंगणातलं टेबल लहान पडत होतं. वरचं टेबल चांगलं भक्कम, पण जिना अरुंद आणि मध्येच वळणारा. साध्या माणसांनी काय केलं असतं? पाय काढून टेबल आणलं असतं. पण ही कारखान्यातली माणसं! लगेच दोर आला. दोराचा वेढा गॅलरीच्या खांबाला, टोक यांच्या हातात, टेबल कठड्याबाहेर लोंबकळतंय, आणि खाली अंगणात भावोजी. सुट्टीचं सुख ते हेच, जे काम रोज नको नको होतं तेच हौसेने करायचं.

"मास्तर, बँड सुरू करा!" वेल्डर ओरडला. सगळे हसले.

मी गॅलरीत यांच्या शेजारीच टेबलक्लॉथ घेऊन उभी होते. भावोजींनी उजवा हात वर केला आणि तो पानासारखा थरथरायला लागला. खालचे हसले, त्यांना वाटलं मास्तर नाटक करताहेत. मी यांच्याकडे बघितलं. हे अगदी शांत. दोर हळूहळू सोडत होते. मध्येच थांबले, पुन्हा सोडला. टेबल असं टेकलं की खाली ग्लास असता तर तोही हलला नसता.

पण यांची नजर हातावर नव्हतीच. हे भावोजींच्या पायांकडे बघत होते.

जेवण झालं, केक झाला, रंगाऱ्याने बेसूर गाणी म्हटली. मी हसले, वाढलं, भांडी विसळली. घरी जायच्या वाटेवर मात्र फुटले.

"तुम्हाला माहीत आहे!"

"वरून सगळं दिसतं," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. थांब म्हणायच्या आधी तो डावा पाय मागे घेतो. हळू म्हणायचं असलं की टाच उचलतो. त्याला स्वतःला माहीत नाही. मी तेवढंच बघतो."

"आणि एखाद्या दिवशी पाय दिसले नाहीत म्हणजे? मध्ये ट्रक आला, माणसं आली?"

यांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कसा सांगू त्याला? तूच सांग."

"मीच सांगते उद्या."

"नको," हे लगेच म्हणाले. "ते माझं आहे."

मला राग आला होता, भयंकर राग. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की या मुक्या माणसाने इतके महिने केवढं ओझं एकट्याने धरून ठेवलं. मी त्यांची पिशवी माझ्याकडे घेतली. एवढंच मला सुचलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं तळ्यावर गेलो. डबे, चटई, उरलेला केक. वारा छान होता. काहीच करायचं नव्हतं, आणि तसं काहीच न करता आम्ही बराच वेळ बसलोही. भावोजी पाण्यात गळ टाकून बसले होते, गळाची काठी डाव्या हातात, उजवा खिशात.

यांनी घसा साफ केला. "सुट्टी संपली की मी तुझ्या हातावर काही उचलणार नाही."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून.

भावोजींनी काठी खाली ठेवली. "काल तू माझ्या पायांकडे बघत होतास. मला वाटलं, भास झाला."

"कालच नाही. रोज बघतो."

"रोज?"

"हो."

भावोजींचा चेहरा लालबुंद झाला. "मग मी तिथे कशाला उभा असतो? बुजगावणं म्हणून? अरे, मला वाटायचं, हात थरथरतो पण चालतोय! सगळं नीट उतरतंय, कुठे धक्का नाही, कुठे ओरखडा नाही, म्हणजे चालतोय! रोज घरी जाऊन हिला सांगायचो, आजही चाललं म्हणून. आणि तू मला फसवत होतास?"

"हो," हे म्हणाले. "चुकलं माझं."

मला वाटलं, आता मारामारी होते की काय. भावोजी उठले आणि काठाकाठाने लांब निघून गेले. मास्तरीणबाई मागे जायला निघाल्या, मी त्यांना बसवलं. त्या केकचे तुकडे करत राहिल्या, कोणाला नको असताना. हे पाण्याकडे बघत बसले. चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

बऱ्याच वेळाने भावोजी परत आले आणि यांच्यासमोर चटईवर बसले.

"साहेबांकडे मी जाईन," ते म्हणाले. "तू बरोबर ये. आत नको. दाराबाहेर थांब."

"थांबतो."

"खाली कोण येईल ते मी शिकवून तयार करीन. तोपर्यंत क्रेन उभी राहू दे. पण त्याच्या हाताकडे बघायचं. पायांकडे नाही."

"हाताकडे बघीन."

मग भावोजींनी उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि यांच्या तोंडासमोर धरला. तो थरथरत होता. बोटं आपापली हलत होती, कशाला काही अर्थ नव्हता.

"बघ," ते म्हणाले. "आता नीट बघ."

हे बघत राहिले. आणि मग माझा हा दगड, जो आपली आई गेली तेव्हाही चारचौघांत हूं की चूं बोलला नव्हता, तोंडावर रुमाल धरून हुंदके देऊन रडायला लागला. भावोजी पुढे सरकले आणि त्याच हाताने त्यांची पाठ थोपटत बसले.