मेंढीला समजावायचं गाणं

आमच्या लेकीने पीएचडीला विषय घेतला तो मंगोलियन बायकांच्या गाण्यांचा. आणि गाणी तरी कसली? मेंढ्यांना ऐकवायची! पोरगी शारजात जन्मली, वरणभात आणि शावरमा खाऊन वाढली, आमच्याशी भांडते इंग्लिशमध्ये, आणि अभ्यास मंगोलियातल्या मेंढ्यांचा. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच गं बाई," मी म्हणायची. आमचे हे दुबईहून, देराच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये रखडत, वैतागून आलेले असायचे. ते म्हणायचे, "यल्ला, चल, आधी वाढ, मग शेळ्या हाका."

चेष्टा केली तरी कौतुकही होतंच मला. ती अवघड भाषा शिकली, उलानबातरला राहून आली, तिथल्या थंडीत तंबूतंबूतून हिंडली. तिनेच मला सांगितलं होतं की मेंढी कधी कधी आपल्याच कोकराला जवळ करत नाही. पहिलटकरीण असते, भेदरलेली असते. कोकरू दुधाला आलं की ढकलून देते. मग घरातली बाई तिच्याजवळ बसते आणि 'तोइग, तोइग' असे बोल पुन्हा पुन्हा गाते, मेंढी त्याला पाजेपर्यंत. ऐकून मी म्हटलं, "बरं आहे, तिथे मेंढीलासुद्धा समजावणारं माणूस आहे."

त्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मंगोलियन मुलगी राहायला आली. देरातल्या हॉटेलात रिसेप्शनला होती. तिची आई व्हिजिट व्हिसावर आलेली, सगळा जन्म गुराढोरांत काढलेली. आमची लेक तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं माहेर म्हणजे सासरपासून दोन सिग्नल पुढे! एवढं पोट घेऊन ती रोज जिना चढायची. म्हातारीने तिला मिठाचा दुधाळ चहा पाजला, लग्नाच्या, पाहुणचाराच्या, नव्या वर्षाच्या सगळ्या रीती सांगितल्या. पण गाणं काही म्हणेना. "इथे उपाशी कोकरू कुठाय? उगाच कुणासाठी म्हणू?" असं तिचं म्हणणं. लेकीने किती विनवण्या केल्या, पण छे! खलास, विषय बंद.

मग नात झाली. काय सांगू, घर नुसतं भरून गेलं. मी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, तेल कोमट करून ठेवलं. जावई हमरियाच्या कामावरून सुटला की थेट इकडे यायचा आणि बाळाच्या पायांकडे बघत बसायचा. सगळे खूश होते, फक्त लेक सोडून. ती बाळाला घेईचना. मला वाटलं, दमली असेल. पण बाळ रडलं की ती भिंतीकडे तोंड करायची. "आई, यू टेक हर. प्लीज." एवढंच बोलायची.

"अगं, असं कुठे असतं का?" मी आधी रागावले. मग मनातून घाबरले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं. म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतं असं, वेळ द्या, रागावू नका. रागावू नका काय! नातीला बाटलीने पाजताना एकच विचार यायचा, माझी लेक या लेकीची होणार ना? देवापुढे दुसरं काही मागितलं नाही त्या दिवसांत.

एका शनिवारी दुपारी म्हातारी मुलीला घेऊन बाळ बघायला आली. दोन्ही हातांवर धरून एक निळं रेशमी कापड दिलं. पाळण्यात वाकून बघितलं आणि काहीतरी बोलली. तिच्या मुलीने हसत हसत इंग्लिशमध्ये सांगितलं, "बाळ फार कुरूप आहे म्हणतेय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिलीच नात, लोण्याचा गोळा, आणि ही म्हणते कुरूप! चहा राहू दे, हिला दरवाजाच दाखवते, असं ठरवून मी उठलेसुद्धा. तेवढ्यात अंथरुणातून लेक म्हणाली, "आई, चिडू नकोस. दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात तसं. आपल्याकडे नाही का दगडू, धोंडू नावं ठेवायचे?" किती दिवसांनी ती एवढं बोलली! मी परत खाली बसले. म्हातारीने बाळाच्या गालावरच्या काजळाच्या तिटेला हळूच बोट लावलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. तेवढ्याने माझा राग पळाला. बाई आपल्यातलीच निघाली.

मग बाळ रडायला लागलं. मी बाटलीकडे वळले आणि लेक सवयीने भिंतीकडे. म्हातारीने ते पाहिलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. बाळाला उचललं, पलंगाच्या कडेला बसली, त्याला माझ्या लेकीच्या पाठीशी टेकवून धरलं आणि अगदी खालच्या आवाजात सुरू केलं, "तोइग... तोइग... तोइग..."

अगं बाई! माझ्या लेकीला मेंढी समजली ही! एकदा वाटलं, थांबवावं. पण लेकीचे खांदे हलताना दिसले. ती रडत होती. म्हातारी गातच राहिली. ना घाई, ना उपदेश. तो एकच बोल, आणि मध्ये मध्ये कसलेसे लाडाचे शब्द. ज्या गाण्यासाठी पोरगी एवढे जिने चढली, ते समोर चाललेलं. फोन उशाशीच होता. मी वाकून कुजबुजले, "अगं, रेकॉर्ड करू का?"

तिने मान हलवली. "नको आई. ती मला म्हणतेय ते."

किती वेळ गेला देव जाणे. लेक हळूच कुशीवर वळली. बाळाकडे बघितलं. मग त्याला ओढून छातीशी घेतलं. म्हातारीचं गाणं तरी चालूच होतं, बाळ चुटुचुटु प्यायला लागेपर्यंत. मी स्वयंपाकघरात पळाले. चहात साखर घालू की मीठ, काही सुचेना, नुसती ओट्याला धरून रडत उभी राहिले.

एका दुपारीत सगळं बरं झालं, असं मुळीच नाही. औषध चालू राहिलं, भिंतीकडे वळणंही मध्ये मध्ये चालू होतं. म्हातारीचा व्हिसा संपला, ती गेली. पीएचडीच्या गाईडबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, तर लेकीने सरळ सांगितलं की गाणं ऐकलं, पण रेकॉर्डिंग नाही. त्या काय म्हणाल्या, ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. बाळ रडायला लागलं. हात तसेच पिठाचे घेऊन मी आत धावले. दारात लेक उभी. केस सुटलेले, डोळे झोपेने जड.

"थांब आई," ती म्हणाली. "माझी आहे ती. मी घेते."